किटलीकाकूचा आवाज

विलंबशास्त्र्याला दाढी मिळाली, झोळी मिळाली, उडता घोडा परवडत नव्हता म्हणून उडतं स्टूल मिळालं. किटलीकाकूला मात्र आवाज मिळेना.

तालमीच्या खोलीत रोज सकाळी हाच विषय निघायचा. भिंतभर प्रसंगांचे रंगीत कागद चिकटवलेले, मधोमध लांब टेबल, आणि टेबलावर एक खरीखुरी पितळी किटली, जिच्याकडे सगळे जण लग्न न ठरणाऱ्या मुलीकडे बघावं तसे बघायचे.

"कुणाचाही आवाज चालेल गं," दिग्दर्शक पटकथा लिहिणारीला म्हणायचा. तो तिच्याहून लहान होता आणि बोलताना खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवायचा. "चहापेक्षा किटली गरम. एवढं आलं की झालं."

"एवढंच नाहीये ते," ती म्हणायची.

विलंबशास्त्र्याच्या कादंबऱ्या तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या. त्या पडद्यासाठी लिहून काढायचं काम तिचं. लेखकाची मुलगी म्हणून घेतलंय असं कुणी म्हणू नये म्हणून ती सगळ्यांच्या आधी यायची, आणि मुंगीची आई म्हणून सगळ्यांच्या आधी पळायची. मुंगी म्हणजे तिची लेक. पाळणाघरात सगळ्यात शेवटी उरणारं मूल आपलं असू नये, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा उरली होती.

विलंबशास्त्री हा असा जादूगार, की त्याचा मंत्र चालतो, पण उशिरा. कुणाच्या घराला आग लागली म्हणून यानं पाऊस मागवावा, तर घर जळून जायचं, राख भरून व्हायची, नवं घर उभं राहायचं, आणि मालक बाहेरून रंग देऊन मागं सरकून बघतोय तेवढ्यात त्या ओल्या रंगावर धो धो पाऊस. 'वरातीमागून घोडं' हे त्याच्या राज्याच्या राजमुद्रेवरच कोरलेलं होतं. आणि त्याच्या झोळीत ही किटली. ती बोलायची. बोलायची म्हणजे काय, टोचायची. शास्त्रीबुवा राक्षसाला सामोरे निघाले की झोळीतून आवाज यायचा, "अहो, आधी खाऊन घ्या. उपाशी माणसानं वाचवलेलं जग अर्धंकच्चं राहतं." ते हरून परत आले की, "आलात? या. उशीर झाला नसता तर ओळखलंच नसतं तुम्हाला."

लोक हसून हसून लोळायचे. पोरं ती पुस्तकं जेवताना वाचायची आणि मोठी माणसं पोरांची नजर चुकवून.

किटलीकाकू म्हणजे तिची आई होती. आई गेली तेव्हा ती नुकती भिंत धरून चालत होती. तापाचं निमित्त झालं, आणि भिंत धरून चालणारी पोर अप्पांच्या मागं मागं चालायला लागली. म्हणून तिचं नाव शेपटी पडलं. आईची आठवण म्हणून तिच्याकडं काही नव्हतं, वाससुद्धा नाही. फोटो होते, फोटो बोलत नाहीत. आवाज साठवून ठेवायचं तेव्हा कुणाला सुचलं नव्हतं. माणूस इतक्यात जाईल असं वाटलं तर सुचणार. पुढं शेपटी मोठी झाल्यावर अप्पांनी एकदा सांगितलं होतं, "किटलीचं एकही वाक्य माझं नाही गं. सगळं तिचं. मी फक्त झाकण बसवलं."

कागदावरच्या बाईला आवाज नसतो, वाचणारा पदरचा देतो. लहानपणी तिनं किटलीला नाना आवाज देऊन पाहिले होते. कधी शाळेतल्या बाईंचा, कधी शेजारच्या मावशींचा. पडद्यावर तसं चालत नाही. तिथं एक बाई एकदा बोलली की बोलली. मग ती बोलणारच असेल, तर निदान आईसारखी बोलावी. आणि आई कशी बोलायची हे जगात आता एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाचं डोकं भिजलेल्या कागदासारखं कडांपासून विरत चाललं होतं.

आईकडचं कुणी उरलं नव्हतं. उरली होती आत्या, जी आई गेल्यावर अप्पांकडं राहायला आली आणि राहिलीच. आत्याला विचारून झालं होतं.

"मी तिला पाहिली लग्नात," आत्या म्हणाली होती. "तेव्हा तोंड मिटून उभी होती बिचारी. पुढं ते कधी उघडलं, हे तुझ्या बापालाच ठाऊक."

म्हणून रोज संध्याकाळी पाळणाघरातून मुंगीला घेऊन ती अप्पांकडं यायची. मुंगीला खिडकीपासून लांब, आत्याच्या नजरेच्या टप्प्यात बसवायची, टेबलाचे कोपरे कुठं आहेत ते एकदा बघून घ्यायची, आणि मग अप्पांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून फोन पुढं धरायची. फोनमध्ये ऑडिशनला आलेल्या बायकांचे आवाज.

"ही कशी वाटते, अप्पा?"

अप्पांशी ती हल्ली हळू बोलायची. शब्द सुटे सुटे, कडा घासून गुळगुळीत केलेले, चमच्यानं औषध पाजावं तसे.

अप्पा डोळे मिटून ऐकायचे. "नाही. ही बाई खुर्चीत बसून बोलतेय."

"मग?"

"ती कधी बसून बोलली नाही. हातात काहीतरी असायचंच."

दुसरा आवाज. "हिला राग आलाय."

"पण काकू रागावतेच ना?"

"रागावत नाही गं. उकळते. उकळणं वेगळं."

तिसऱ्या बाईचं एक वाक्य पुरं होण्याआधीच त्यांनी हात हलवला. "हिला ठाऊक आहे आपण विनोदी बोलतोय ते. संपलं."

"अरे, तुम्ही किटली शोधताय का सून?" आत्या आतून म्हणाली. अप्पा हसले. ती पण हसली, कारण अप्पा हसले की त्या दिवसापुरतं सगळं जागेवर आहे असं वाटायचं.

मग एक संध्याकाळ अशी आली, की तिनं फोन पुढं धरला आणि अप्पांनी तो सौजन्यानं बाजूला सारला. "मला चहा नको," ते म्हणाले. "कसली किटली?"

त्या दिवशी परत जाताना तिनं मुंगीचा हात इतका घट्ट धरला की मुंगी म्हणाली, "आई, माझा हात पळून नाही चालला."

तिच्या फोनमध्ये आणखी काही आवाज होते, ते ती कुणाला ऐकवायची नाही. स्वतःचेच. 'मुंगे, मोजे घाल.' 'मुंगे, जिन्यावरून सावकाश.' असलं काहीबाही ती अधूनमधून बोलून साठवून ठेवायची. असू द्यावं, म्हणून. नवऱ्याला एकदा सापडलं. "फोनमध्ये जागा नाही म्हणून माझे फोटो उडवलेस, आणि हे काय? मोजे?" तो हसत होता. मग त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि फोन परत दिला.

* * *

चित्रीकरण सुरू झालं तेव्हाही आवाज ठरलेला नव्हता. "नंतर भरू," दिग्दर्शक म्हणाला. "पितळेला ओठ थोडेच आहेत? झाकण हललं की झालं." झाकण हलवायला सेटवरचं सामान सांभाळणारा प्रॉपर्टीवाला टेबलाखाली तार धरून बसणार, आणि किटलीची वाक्यं कुणीतरी बाजूनं वाचणार, म्हणजे समोरच्या नटाला उत्तर द्यायला सोपं. याला कच्चा आवाज म्हणतात. काम झालं की पुसून टाकतात.

पहिल्याच दिवशी वाचणाऱ्या मुलीचा घसा बसला. नट दाढी चिकटवून तयार. "समोर कुणी बोललं तर मी बोलेन," तो म्हणाला. "भांड्याशी एकटा बोलायला मी वेडा आहे का?"

"स्क्रिप्टमध्ये तरी तसंच आहे," दिग्दर्शक म्हणाला आणि तिच्याकडं वळला. "तूच वाच. तुला पाठ आहे."

तिला खरं तर सेटवर नुसतं उभं राहायलासुद्धा वेळ नव्हता. सकाळी मुंगीचं अंग किंचित कोमट लागलं होतं. कोमट की नुसतंच झोपेतलं, याचा निकाल लागायच्या आत तिनं तिला पाळणाघरात सोडलं होतं आणि तेव्हापासून तो निकाल तिच्या पोटात अडकून बसला होता. ती टेबलाखाली शिरली. एका मुठीत फोन, वाजला तर कळावा म्हणून. प्रॉपर्टीवाल्याच्या पायाला मुंग्या आल्या तेव्हा दुसऱ्या मुठीत तार. वर नट वाक्य विसरत होता, टेकवर टेक चालले होते, आणि ती अंधारात गुडघे पोटाशी घेऊन एकीकडं तार ओढत, एकीकडं फोन बघत, डोक्यात थर्मामीटर घेऊन म्हणत होती, "आलात? या, शास्त्रीबुवा. उशीर झाला नसता तर ओळखलंच नसतं तुम्हाला. आता उभे काय राहिलात, मुहूर्त बघताय? आधी खाऊन घ्या."

वर सगळे खो खो हसले. नटाला हसू आवरेना म्हणून तो टेकही वाया गेला. तिनं हसणं ऐकलंच नाही. ती टेबलाखालून रांगत बाहेर आली आणि कोपऱ्यात जाऊन पाळणाघरात फोन लावला. मुंगी ठणठणीत होती. दुसऱ्याच एका पोराला चावली होती.

संध्याकाळी साउंडवाल्यानं तो कच्चा आवाज तिच्या फोनवर पाठवून दिला. "पुढचं लिहिताना कामाला येईल, ताई," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अप्पांकडं ती एका नव्या बाईचा आवाज ऐकवत होती. अप्पा समोरचं ताट तसंच ठेवून भिंतीकडं बघत बसले होते. दोन दिवस झाले, ते नीट जेवत नव्हते. इतक्यात मुंगीनं पाण्याचा पेला उपडा केला, ती फोन तसाच ठेवून फडकं आणायला वाकली, नव्या बाईचं संपलं, आणि पुढचं आपोआप सुरू झालं.

"आलात? या, शास्त्रीबुवा."

ती बंद करायला धावली. अप्पांनी तिचं मनगट धरलं. बऱ्याच दिवसांत त्या हाताला एवढा जोर आला नव्हता.

"थांब," ते म्हणाले. "ती बोलतेय."

फोन बोलत राहिला. अप्पांचा चेहरा कपाळापासून खाली हळूहळू उजळत आला. ते फोनकडं नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. "आलो, आलो," ते म्हणाले. "झाला खरा उशीर." फोन म्हणाला, आता उभे काय राहिलात, आधी खाऊन घ्या. आणि अप्पांनी ताट पुढं ओढलं आणि मुकाट्यानं जेवायला लागले.

ती हातात ओलं फडकं घेऊन उभी होती. मग खाली वाकून, नेहमीच्या हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करत तिनं विचारलं, "अप्पा, आईचा आवाज असा होता?"

अप्पांनी घास गिळला. "असा काय? तिचाच आहे," ते म्हणाले. "ऐकू येत नाही का तुम्हाला?"

जिना उतरताना तिनं मुंगीला कडेवर घेतलं होतं. अर्ध्या जिन्यात ती थांबली. सगळा जन्म जे शोधलं ते आपल्याच घशात ठेवलेलं होतं. शेपटीला ते कधी सापडलं नाही, कारण ती कायम लेक म्हणून बोलली, आणि अलीकडं नर्स म्हणून. घाईत असलेल्या, हातात काहीतरी असलेल्या, पोटात काळजी उकळत असलेल्या बाईसारखं ती अप्पांसमोर कधी बोललीच नव्हती.

"अहो," तिनं रिकाम्या जिन्यात म्हणून पाहिलं.

"कुणाला हाक मारतेस?" मुंगीनं विचारलं.

"कुणाला नाही. माझी आई कशी हाक मारायची ते बघतेय."

मुंगीनं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "तुझ्यासारखीच."

* * *

'तुम्हाला' म्हणाले ते बोलण्याच्या ओघात, असं ती धरून चालली होती. पण पुढच्या खेपेला ती आली आणि म्हणाली, "अप्पा, मी आलेय," तेव्हा अप्पा खुर्चीतून अर्धवट उठले.

"या, बसा ना बाई. ती येईलच इतक्यात."

मग आत्याच्या कानाशी लागून त्यांनी विचारलं, "या कोण?"

"अरे, शेपटी आहे तुझी."

अप्पा हसले, मोठ्या माणसांच्या थट्टेला हसावं तसे. "शेपटी एवढीशी आहे," ते म्हणाले आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धरला.

त्या दिवशी पुन्हा जेवण पडून राहिलं. फोनमधली वाक्यं मोजकीच, ती फिरून फिरून तीच यायची, आणि अप्पा काही विचारू लागले की फोन भलतंच बोलायचा. शेवटी ती खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहिली. बापाला 'अहो' म्हणायचं. ज्या शब्दानं तिनं नवऱ्याला कधी हाक मारली नव्हती, त्या शब्दानं.

"अहो," ती म्हणाली. "ताट काय सजवून ठेवलंय? खा की."

"खातो गं," अप्पा म्हणाले. अगदी साधं, रोजचं. जणू मधली सगळी वर्षं आई नुसती बाहेर फिरायला गेली होती आणि आता परत आली.

ती डॉक्टरीणबाईंना भेटली. त्या म्हणाल्या, वाद घालू नका. ते ज्या गावाला गेलेत त्या गावात जाऊन बोला. आत्याला हे पटलं नाही.

"बंद कर तू ते," आत्या भांडी विसळता विसळता म्हणाली. "माणूस जेवतोय, कबूल. पण पोर जातेय त्याची."

"पोर मीच आहे ना, आत्या."

"तेच म्हणतेय मी."

तिनं एकदा दोन्ही साधायचा प्रयत्न करून पाहिला. खुर्चीच्या मागूनच, त्याच उकळत्या आवाजात म्हणाली, "अहो, ऐका. मी शेपटी आहे. मोठी झालेय."

अप्पा खुदकन हसले. "पोरीची नक्कल नको करूस," म्हणाले. "तिला कळलं तर रुसेल."

त्यानंतर काय करायचं ते ठरूनच गेलं. समोर बसली की ती परकी बाई होती, अदबीनं वागवायची. मागं उभी राहिली की आई होती. ज्या खुर्चीच्या अवतीभवती तिचं बालपण गेलं, तिच्या आसपास शेपटीला उभं राहायला कुठंच जागा नव्हती.

आवाज भरायची वेळ आली तेव्हा निर्मातीबाईंनी एका नावाजलेल्या नटीला ठरवलं. दिग्दर्शकानं शेपटीला बाजूला घेतलं. या वेळी त्याची खुर्ची चारही पायांवर होती.

"खरं सांगू? तुझा कच्चा आवाजच ठेवू या. त्या दिवशी टेबलाखालून जे आलं ना, ते कुणाला जमणार नाही. मी भांडतो बाईंशी."

तिच्या मनात आलं, मुंगी मोठी झाल्यावर कधीही हे लावून ऐकू शकेल. मग दुसरंही आलं. पडद्यावरची किटली परक्या बाईच्या तोंडून बोलली, तर कदाचित अप्पांच्या डोक्यातली गाठ सुटेल. किटली किटलीच्या जागी जाऊन बसेल, पडद्यात, सगळ्यांची होऊन. आणि खुर्चीमागं उभी असलेली बाई मग कोण, असा प्रश्न पडला तर त्यांना उत्तर सापडेल. वेडी आशा होती. पण असल्या आशेला शहाणपण शिकवायला घरात कुणी मोकळं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "तो घरी लागतो."

नटी आली, हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून काढून ठेवल्या, पाणी प्यायली आणि उभ्यानं सगळं बोलून गेली. उत्तम बोलली. काचेपलीकडं सगळे हसले, शेपटी पण हसली. साउंडवाल्यानं विचारलं, "तुमचा पुसू ना, ताई?"

"पुसा," ती म्हणाली.

* * *

मालिकेचा पहिला भाग सुटीच्या दिवशी दुपारी टीव्हीवर दाखवला. अप्पांना आत्यानं धुतलेला सदरा घातला होता. नवऱ्यानं टीव्हीसमोर खुर्ची आणून ठेवली. मुंगी सतरंजीवर पालथी. शेपटी मात्र आज मागं उभी राहिली नाही. अप्पांच्या शेजारी, त्यांना दिसेल अशी, स्टुलावर बसली.

उडतं स्टूल उडालं. मुंगी टाळ्या पिटू लागली. दाढीवाला नट हरून परत आला, झोळी खाली ठेवली, किटलीचं झाकण हललं. तारेच्या त्या टोकाला तिचीच मूठ होती. नटीचा आवाज म्हणाला, "आलात? या, शास्त्रीबुवा."

अप्पांनी मान कलती करून ऐकलं. "चांगली बोलते बाई," ते म्हणाले.

ती स्टुलावरून आणखी पुढं सरकली.

"पण ही इथं का बोलतेय?" अप्पा म्हणाले. "ती कुठं गेली?"

त्यांनी डावीकडं पाहिलं, स्वयंपाकघराकडं पाहिलं. हात खुर्चीच्या दांड्यांवर चाचपडायला लागले. "तिच्या जागेवर ही दुसरी कोण बसवली? अगं ए," त्यांनी हाक मारली, आणि हाक कुणी घेतली नाही. पडद्यावर नटी मजेमजेचं बोलत होती.

तिनं त्यांचा हात हातात घेतला. "अप्पा, इकडं बघा. माझ्याकडं. मी शेपटी. तुमची शेपटी."

अप्पांनी बघितलं. खरंच प्रयत्न करून, नीट, चेहऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. मग हात हळूच, तिला वाईट वाटू नये अशा बेतानं सोडवून घेतला.

"बाई, तुम्ही बसा," ते म्हणाले. "मला तिला शोधू दे."

आणि ते उठायला लागले. नवरा पुढं झाला, आत्या पुढं झाली, आणि दोघांनीही तिच्याकडं पाहिलं.

तिनं रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद केला. उठली, खुर्चीच्या मागं गेली. हातात काहीतरी हवं म्हणून मुंगीचा खाली पडलेला मोजा उचलला.

"अहो," ती म्हणाली. "निघालात कुठं? बूड टेका खाली."

अप्पा बसले. "आहेस होय," ते म्हणाले, आणि पाठ खुर्चीला टेकवली.

पडद्यावर मुका नट मुक्या किटलीसमोर हात हलवत होता. झाकण उघडलं की ती बोलायची. नटाचे ओठ हलले की काय करायचं हे तिला कळेना, तेवढ्यात अप्पाच बोलायला लागले. "अगं, राक्षस तसा वाईट नव्हता. वेळेवर आला एवढंच." वाक्य जसंच्या तसं पुस्तकातलं. स्वतःच्या मुलीचा चेहरा गेला होता, पण विलंबशास्त्री जागेवर होता.

"वेळेवर येणाऱ्यांशी तुम्ही कशाला लागता," ती म्हणाली. "तुमची त्यांची गाठ पडायचीच नाही."

मुंगी हसली, नवरा हसला, आत्यानं तोंडाला पदर लावला. अप्पा हसले नाहीत. झाकण मिटलं, नट पडद्याबाहेर गेला, दुसराच प्रसंग सुरू झाला, आणि मग बऱ्याच वेळानं अप्पांच्या छातीतून हसू वर आलं, एकट्याचं, पोट धरून.

हसू ओसरल्यावर त्यांनी मान मागं टाकली. पुस्तकात नसलेलं बोलले.

"शेपटी जेवली का गं?"

"जेवली."

"कुठाय ती?"

मोज्याची तिनं घडी घातली, उलगडली.

"झोपलीये," ती म्हणाली.

सतरंजीवर मुंगीनं हे ऐकलं. खोलीत झोपण्याजोगं लहान माणूस आपण एकच, हे तिनं हेरलं. तिनं चटकन गाल सतरंजीला टेकवला आणि डोळे गच्च मिटले. पापण्या फडफडत होत्या, हसू आवरत नव्हतं, पण डोळे उघडले नाहीत.

अप्पा पुढं झुकून तिच्याकडं बघत राहिले.

"बघ," ते हळू आवाजात, झोप मोडू नये म्हणून म्हणाले. "झोपेतसुद्धा हसते. तुझ्यावर गेलीये. पांघरूण घाल तिच्यावर."

ती खुर्चीमागून निघाली. आतून चादर आणली, खाली बसली आणि मुंगीच्या पायापासून खांद्यापर्यंत नीट घातली.

"घातलं," ती म्हणाली. "आता तुम्ही बोलू नका. उठेल ती."